कडूबा अण्णांचा सुधारित शेवट

डोंगरपिंपरीच्या बसथांब्यावर कडूबा अण्णांना श्रद्धांजली वाहणारा बारा बाय आठचा फ्लेक्स लागला, तेव्हा कडूबा अण्णा त्याच फ्लेक्सच्या सावलीत उभे राहून भजी खात होते. त्यांनी वर पाहिलं नाही. भजी खाताना माणूस वर पाहत नाही, आणि वर लागलेली श्रद्धांजली आपली असेल अशी शंका तर कोणत्याच खात्यापित्या माणसाला येत नाही.

फ्लेक्सवर लिहिलं होतं: 'भावपूर्ण श्रद्धांजली. कॅप्टन कडूबा. जन्म २१३१, वीरमरण २१९०.' खाली 'शोकाकुल: समस्त यानप्रेमी मित्रमंडळ' आणि त्याखाली बावीस शोकाकुलांचे फोटो. त्यातल्या एकोणीस जणांनी गॉगल घातले होते. कोणी मजकूर वाचला असता तर त्याला कळलं असतं, की ज्याचा जन्मच अजून शंभर वर्षांनी व्हायचा आहे तो गेला म्हणून लगेच बसला लटकून मयतीला यायचं कारण नाही. पण आपल्याकडं फ्लेक्सचा फोटो बघतात, मजकूर फक्त छापणारा वाचतो आणि तोही पुरता नाही. फोटो कडूबा अण्णांचा होता. मिशीसकट.

हे घडलं हरिओममुळं. हरिओमचा गावात कॉम्प्युटर क्लास होता. त्यानं दोन वर्षं खपून मोबाइलवरचा एक गेम तयार केला होता, 'आखरी यान'. सन २१९०, पृथ्वी संपत आलेली, सहा शास्त्रज्ञ आणि बियाण्याची पोती घेऊन शेवटचं यान दुसऱ्या ग्रहाकडं निघालेलं, असा मामला. कॅप्टनला चेहरा आणि आवाज पाहिजे होता. हरिओमची सोयरीक नुकतीच कडूबा अण्णांच्या तृप्तीशी जुळली होती, आणि होणाऱ्या सासऱ्याला खूश करायचे मार्ग डोंगरपिंपरीत फार नाहीत. शिवाय अण्णा रिटायर्ड कृषी सहाय्यक. अठ्ठावीस वर्षं जीपवरच्या भोंग्यातून 'शेतकरी बंधूंनो' म्हणून म्हणून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी घरात मीठ मागितलं तरी शेजारचे दचकून उठायचे. हरिओमनं त्यांना क्लासमध्ये बसवलं, फोटो काढले, आवाज घेतला. गेममधल्या रोबोटला त्यानं स्वतःचाच आवाज दिला.

गेमचा शेवट असा होता. यान निघताना दार अडकतं. ते बंद राहावं म्हणून बाहेरचा लोखंडी दांडा कोणीतरी खाली दाबून धरायचा असतो, यान उडेपर्यंत. म्हणजे त्या कोणीतरीनं इथंच राहायचं. कॅप्टन कडूबा काही न बोलता खाली उतरतात, दांडा धरतात आणि वर बघून म्हणतात, "निघा तुम्ही. बियाणं कोरड्या जागी ठेवा." मग पडदा पांढरा होतो. संगीत नाही, काही नाही. त्या पांढऱ्या पडद्यावर हरिओमनं तीन महिने घालवले होते. त्याला मनातून वाटायचं, की आपल्या हातून आयुष्यात एवढी एकच गोष्ट बरोबर झाली आहे.

आणि पोरांनाही तसंच वाटलं. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या सूरजनं शेवट बघितला आणि एक दिवस शटर खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं यानप्रेमी मित्रमंडळ काढलं. तिसऱ्या दिवशी मंडळाला काहीतरी काम पाहिजे म्हणून फ्लेक्स लावला.

फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून अंबडला पोचला. तिथं अण्णांची थोरली बहीण राहायची, गोजरबाई. गोजरबाई जालन्याला गाडी बदलून डोंगरपिंपरीत उतरल्या. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्या शांत होत्या. कोपऱ्यावरून त्यांनी सुरुवात केली. दारात अण्णा एका गालाला साबण लावून उभे होते.

"काय झालं गं गोजर? कोण गेलं?"

"तू गेला रे माझ्या भावड्याऽऽ!"

"मी? कव्हा?"

गोजरबाईंनी त्यांना नीट पाहिलं, साबणाच्या गालाला हात लावून पाहिला आणि मग त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला, की तोवर बरे असलेले अण्णा खरोखर खाली बसले. संध्याकाळपर्यंत साठेक माणूस येऊन गेलं. भोकरदनहून आलेले एक दूरचे पाहुणे अण्णांना जिवंत बघून म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि चहा न घेता थोडे नाराजच परतले. अण्णांच्या बायकोनं, दैवशालाबाईंनी, दिवसभर चहा केला आणि त्या बसथांब्यावर जाऊन फ्लेक्सही पाहून आल्या. "फोटो चांगला आलाय," एवढंच त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी बैठक बसली.

लग्न ठरलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसून यादी करतात. कोणी काय करायचं, कोणाला कुठला मान, मांडव कोणाचा, आचारी कोणाचा, सगळं कलमवार लिहून खाली सह्या. हरिओम आणि तृप्तीच्या यादीत चौदा कलमं होती आणि त्यांच्यावर सह्याही झाल्या होत्या. आता सर्जेराव मामांनी ती यादी पुन्हा उघडली. सर्जेराव म्हणजे दैवशालाबाईंचे भाऊ, मुलीचे मामा. त्यांनी गेम पाहिला नव्हता. गोजरबाईंनीही नव्हता. पण कशाबद्दल बोलायचं ते न बघितल्यामुळं बैठकीला एक वेग आला.

"कलम पंधरा," सर्जेराव म्हणाले. "कॅप्टन मरणार न्हाई. लिहा."

"मामा, पण मग दांडा कोण धरणार?" हरिओमनं विचारलं.

"तो रोबोट हाय न?"

"रोबोटला माझा आवाज आहे."

"म्हंजी नवरदेव मरणार? लग्नाच्या तोंडावर?" गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "काय अभद्र बोलून राह्यलं हे पोरगं!"

मग सर्जेरावांचा चेहरा उजळला. "विहिरीवरच्या मोटरीला ऑटो असतो का न्हाई? रातच्याला लाइट आली की आपसूक चालू होती. तसा ऑटो बसवा त्या दांड्याला. माणूस कशाला पाहिजे उभा?"

हरिओमनं सांगून पाहिलं, की तो दांडा आहे म्हणूनच ती गोष्ट आहे. हे वाक्य त्यानं तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. हरिओमचे वडील अप्पाराव गुरुजी, जे बैठकीत त्याच्या बाजूचे होते, त्याला हळूच म्हणाले, "तू जरा गप बस. सोयरीक मोडली तर गोष्ट घेऊन काय नाचणार आहेस?"

सोळावं कलम यानातल्या जागांचं निघालं. कॅप्टन यानात बसणार म्हटल्यावर बहिणीला जागा पाहिजे. बहिणीला दिली तर मेव्हण्याला पाहिजे. गोजरबाईंना खिडकी मिळाली. सर्जेरावांना खिडकी नाही मिळाली म्हणून यानाच्या दारात फेटा आणि नारळ मिळाला. तेव्हा अप्पाराव गुरुजी ताठ झाले. मुलाकडची माणसं आपण, आणि पृथ्वी सोडून निघालेल्या शेवटच्या यानात आपलं कोणीच नाही?

"तीन तुमचे, तीन आमचे," ते म्हणाले.

"बराबर हाय," सर्जेराव म्हणाले. "पण आता बसलेले ते सहा जण कोण?"

"शास्त्रज्ञ," हरिओम म्हणाला.

"कोणत्या बाजूचे?"

"कोणत्याच नाहीत."

"मंग उतरवा."

कडूबा अण्णांनी या सगळ्यात एकदाच बोलायला तोंड उघडलं, पण गोजरबाईंनी "तू मेलेला माणूस, तू बोलू नको," असं म्हटल्यावर त्यांनी सुपारी तोंडात टाकली. सह्या झाल्या. हरिओमनं आठवडाभर बसून नवा शेवट बनवला. फेट्याचं कापड वाऱ्यावर उडतं कसं ते दाखवायला त्याला दोन दिवस लागले. नारळ यानाच्या पत्र्यावर फुटतो, सनई वाजते, ऑटो टक् करून पडतो आणि सहा पाहुणे आणि कॅप्टन मजेत निघून जातात.

सोमवारी त्यानं तो शेवट सगळ्यांना पाठवला. मंगळवारी सकाळी तो क्लासमध्ये बसून प्रतिक्रिया वाचत होता.

'पहिला शेवट बघून तीन दिवस जेवलो न्हाई. दुसरा बघून जेवता जेवता उठलो. एक तारा.'

'पृथ्वी नष्ट होऊन राह्यली अन् हे फेटे काय बांधून राह्यले?'

'ऑटो होता तर पयलेच काहून न्हाई बसवला? माणूस फुकट मारला. खात्याची चौकशी लावा.'

'खिडकीतली बाई कोण हाय? जग बुडताना एकटी तीच हसती.'

एकानं पाच तारे दिले होते. हरिओमला बरं वाटलं. नाव बघितलं तर सर्जेराव मामा. लिहिलं होतं: 'फेटा भगवा पाहिजे होता. बाकी ठीक.'

आणि सगळ्यात खाली, एक तारा: 'सहाही शास्त्रज्ञ उतरवले. तिकडं तूर कोण पेरणार? तृप्ती.'

तृप्ती बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करायची. यानात कोणतं बियाणं न्यावं, किती न्यावं, पोत्यांवर काय लिहावं, हे सगळं हरिओमला तिनंच सांगितलं होतं. त्यानं हादरून फोन लावला.

"तुम्ही एक तारा दिला?"

"अर्धा देता येत नाही."

"अहो, तुमच्याच घरच्यांनी कलम घातलं म्हणून मी..."

"माहीत आहे मला. आत्यानं फोन करून सांगितलं, खिडकी मिळाली म्हणून. मी तीन महिने बघत होते, तुम्ही त्या पांढऱ्या पडद्यासाठी काय काय केलं ते. आणि मामांनी नुसते डोळे वटारले, की तुम्ही त्यावर सनई लावली. उद्या लग्नानंतर ते माझी नोकरी सोडवायचं कलम काढतील. तेव्हा पण तुम्ही सही कराल?"

"ते बघू पुढं," हरिओम म्हणाला. 'नाही' म्हणायला पाहिजे होतं, हे त्याला फोन ठेवल्यावर कळलं.

"रविवारी येते मी घरी," ती म्हणाली. "शेवट कोणता राहतो ते बघते. मग सांगते."

म्हणजे कॅप्टन जगला तर तृप्ती जाणार, आणि कॅप्टन मेला तर तृप्तीचं अख्खं घर जाणार. दोन्हीकडून हरिओमलाच दांड्याशी उभं राहायचं होतं.

तिकडं सूरजचं मंडळ कायद्याच्या मार्गानं निघालं. गावातल्या कोणत्याही माणसाला कोणतीही गोष्ट पटली नाही की तो निवेदन देतो. न पटण्याची तीच पहिली पायरी. बावीस शोकाकुल महसूल खात्याच्या मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. कारकुनानं निवेदन उलटं धरून वाचलं, मग सुलटं धरून वाचलं.

"मागणी काय तुमची? मृत्यूचा दाखला? तो ग्रामपंचायतीत मिळतो."

"दाखला न्हाई साहेब, मृत्यूच पाहिजे," सूरज म्हणाला.

"कोणाचा?"

"कडूबा अण्णांचा."

"अण्णांचं काय म्हणणं आहे?"

"त्यांना आम्ही विचारलं न्हाई. ते कॅप्टन म्हणून मरतील, अण्णा म्हणून ऱ्हातील."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. हे कोणत्या टेबलाकडं जातं, हा प्रश्न होता. जमिनीचं नव्हतं, रेशनचं नव्हतं. शेवटी एकाला आठवलं, की गेममध्ये पृथ्वी नष्ट होते. तेव्हा ते नैसर्गिक आपत्तीच्या रजिस्टरला चढलं. शिक्का मारता मारता कारकून म्हणाला, "पृथ्वीचा पंचनामा जोडला नाही तुम्ही." सूरजनं तो नंतर आणून देतो असं सांगितलं.

दखल घेतली नाही म्हणून गुरुवारपासून हरिओमच्या क्लाससमोर साखळी उपोषण बसलं. प्रत्येकानं नाश्ता करून बसायचं आणि जेवायच्या वेळेला पुढच्याला जागा द्यायची, असा कडक नियम होता. मागं बॅनर होता: 'कॅप्टनला न्याय मिळालाच पाहिजे!' घोषणा त्याहून मोकळी होती. "मेलेच पाहिजेत, मेलेच पाहिजेत! कडूबा अण्णा मेलेच पाहिजेत!" क्लासला येणाऱ्या पोरी बाजूनं वाट काढत आत यायच्या आणि टायपिंगचा वेग घोषणेच्या ठेक्यावर वाढायचा.

शुक्रवारी हरिओमनं खिडकीतून बाहेर पाहिलं. बॅनरखाली, सतरंजीवर, मांडी घालून स्वतः कडूबा अण्णा बसले होते. घोषणा देत होते. सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच त्यांचा होता.

तो धावत बाहेर आला. "अण्णा, उठा! हे लोक काय म्हणून राहिलेत कळतंय का तुम्हाला?"

"म्हणून न्हाई राह्यले, मीच म्हणवून राह्यलो. ह्यांना ठेका जमत नव्हता."

"पण अण्णा, बैठकीत कलम..."

"बस जरा." अण्णांनी सतरंजीवर हात आपटला. हरिओम बसला, अण्णांचा आवाज ऐकल्यावर माणूस बसतोच. "अठ्ठावीस वर्षं मी जीपमधी बसून बोललो. बीजप्रक्रिया करा, पेरणीची घाई करू नका. कोणी मान वर करून बघितलं न्हाई जावईबापू. एकदा एका गावात भोंगा चालू असताना माझ्यासमोर लोकांनी पत्त्याचा डाव मांडला. अन् ह्या तुमच्या गेमात मी एकदाच म्हणलो, बियाणं कोरड्या जागी ठेवा. तर ह्या सूरजच्या डोळ्याला पाणी आलं. माझ्या गोजरला मी जिता पाहिजे, ते बिलकुल बरोबर हाय. पण मी जिताच हाय की! सकाळी दोन भाकरी खाऊन आलो. गेमात तरी मला बराबर मरू द्या."

हरिओम तसाच सतरंजीवर बसून राहिला. जरा वेळानं कोणीतरी त्याच्यासमोर घोषणेचा कागद धरला, तेव्हा तो उठून आत गेला.

रविवारी सकाळी सगळेच आले. गोजरबाई आणि सर्जेराव अंबडच्या बाजूनं, तृप्ती बदनापूरहून, अप्पाराव गुरुजी पिशवीत यादी घेऊन. अण्णा सतरंजीवरून उठायला तयार नव्हते, म्हणून बैठक क्लासच्या दारातच भरली. उपोषणवाले, पाहुणे आणि टायपिंगच्या दोन पोरी अशी गर्दी झाली. मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लिंबू सरबत आलं होतं. लेखी आश्वासन मिळालं की प्यायचं.

"कलम पंधरावर सही झालेली हाय," सर्जेराव सुरू झाले. "आता मागं..."

"मी पहिला शेवट परत लावतो आहे," हरिओम म्हणाला. त्याला हे दणक्यात म्हणायचं होतं. आवाज रोबोटपेक्षाही बारीक निघाला. त्यानं घसा खाकरून परत सांगितलं. "कॅप्टन दांडा धरणार आणि मरणार. शास्त्रज्ञ यानात बसणार. मी सही केली ही माझी चूक झाली. यावरून सोयरीक मोडायची असेल तर मोडा. पण शेवट तोच राहील."

अप्पाराव गुरुजींनी कपाळावर हात मारला. तृप्तीनं काहीच केलं नाही, फक्त खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

सर्जेराव लाल झाले. पण त्यांच्या आधी गोजरबाई उठल्या. "थांब रे सर्जेराव. आधी मला बघू दे तर खरं, कसं मारलंय माझ्या भावाला."

हरिओमनं क्लासच्या मोठ्या पडद्यावर पहिला शेवट लावला. गोजरबाई स्टुलावर बसल्या. मागं सगळे उभे राहिले. दार अडकलं. कॅप्टन उतरले. दांडा धरला. बोलले. पडदा पांढरा झाला.

गोजरबाई रडल्या, पण आवाज झाला नाही. कोपऱ्यावरून सुरू होणाऱ्या बाईला आवाज न करता रडताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ त्या पांढऱ्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग वळल्या.

"सहा लोक आत बसलेत, अन् ह्याला एकट्याला ठेवून निघाले?"

"त्यांच्या जागा आतच आहेत, आत्या."

"चुलीत घाल तुझ्या जागा. खिडकी पण घाल. एवढा मोठा दांडा हाय, दुसऱ्या माणसाचा हात बसत न्हाई का त्याच्यावर?"

"बसतो की," हरिओम म्हणाला.

"मंग मी बी धरते. मरायचं तर मरू दे, पण बहीण असताना एकटा न्हाई मरणार हा."

मग सर्जेरावांनी मान हलवली. त्यांना काहीतरी टोचत होतं. "बहीण धरणार अन् मेव्हणा यानाच्या दारात फेटा बांधून? गावात तोंड दाखवता येईल का मला? फेटा काढा माझा. मला बी धरा दांड्याला. पुढच्या बाजूनं."

"तीन तुमचे राहतात," अप्पाराव गुरुजी म्हणाले, "तर तीन आमचे राहिलेच पाहिजेत."

सूरजनं हात वर केला. यानप्रेमी मित्रमंडळाचे बावीस सभासद पण राहायला तयार होते, गॉगल न घालता. दैवशालाबाई दारातून म्हणाल्या, की एवढी माणसं थांबणार असतील तर यान उडेपर्यंत चहाचं बघायला कोणीतरी लागेल. हरिओमनं पाटीवर लिहून मोजायला सुरुवात केली. दांडा सव्वादोन मीटरचा करावा लागणार होता. त्याच्या डोक्यात चित्र उभं राहत होतं: संपत आलेली पृथ्वी, एकाच लोखंडी दांड्याला लगटलेलं अख्खं गाव, पुढं कोण आणि मागं कोण यावरून ढकलाढकल, आणि वर सहा शास्त्रज्ञ तूर घेऊन निघालेले. त्यानं शोधून पाहिलं, पण हे त्याला कोणी करायला लावलंय असं वाटेना. त्याला ते करायचं होतं.

"म्हणजे अण्णा मरतात ना?" सूरजनं खात्री करून घेतली.

"मरतात," हरिओम म्हणाला. "सगळेच मरतात."

सूरजनं सरबताचा ग्लास अण्णांना दिला. अण्णांनी लेखी आश्वासन मागितलं. अप्पाराव गुरुजींनी यादी पसरली, पंधरा आणि सोळा ही कलमं खोडली आणि शिक्षकी अक्षरात खाली लिहिलं: 'कलम सतरा. यान नजरेआड होईपर्यंत दांड्यावरून कोणीही हात काढणार नाही. दोन्ही बाजूंना मान्य.' सर्जेरावांनी सही केली. गोजरबाईंनी केली. अण्णांनी सरबत पिऊन केली.

तृप्ती इतका वेळ मागं उभी होती. ती पुढं आली आणि कलम सतरा तिनं दोनदा वाचलं. मग तिनं अप्पाराव गुरुजींसमोर हात केला, पेनासाठी.

"आगं, यादीवर नवरी कुठं सही करती का?" सर्जेराव म्हणाले.

"कुठं करायची तेवढं दाखवा, मामा," तृप्ती म्हणाली.